दोराचा दिवा

आमच्या दोराचा दिवा लाल लागला तेव्हा शिखराखालच्या मुक्कामाच्या हटच्या जेवणघरात बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरावर आम्ही दोघं होतो, मी आणि माझी बायको ऋतुजा. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मला राग यायला हवा होता. पण मीही आधी स्वतःच्याच छातीकडे पाहिलं होतं.

दुपारचे चार वाजले होते. बाहेर ऊन होतं, म्हणजे हिमाचलातल्या लाहूलमध्ये चार हजार नऊशे मीटरवर ज्याला ऊन म्हणतात ते. प्रकाश भरपूर, ऊब नाही. खिडकीतून ग्याफुरचं शिखर दिसत होतं, सहा हजार एकशे चाळीस मीटर. हवामान खात्याच्या मते उद्या दुपारपर्यंत आकाश मोकळं आणि मग सहा दिवस बर्फ. आमची परतीची गाडी चौथ्या दिवशी होती.

"धैर्यशील," शिंत्रे सर म्हणाले, "डोकं दुखतंय का रे?"

"नाही सर."

"आठवून बघ."

शिंत्रे सर म्हणजे आमच्या कराडच्या कृष्णाकाठ गिर्यारोहक मंडळाचे चिटणीस. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकोणसाठ, पिंडऱ्या तिशीतल्या. त्यांच्या दोराचा दिवा हिरवा लागला होता. त्यांच्या दोरावर दुसरे होते त्यांचे जावई, निनादराव. निकाल लागेपर्यंत सासरे-जावई एकमेकांकडे न बघता चहा पीत होते. हिरवा लागल्यावर सरांनी जावयाला दुसरा चहा स्वतः ओतून दिला.

हे दिव्याचं प्रकरण काय आहे ते आधी सांगतो, कारण आमचं पुढचं सगळं त्यातूनच झालं.

उंचीवर प्राणवायू कमी पडला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्यातला दाब वाढतो. काही माणसांच्या बाबतीत मग त्या वाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपायला लागतं. काही म्हणजे कोणत्या, हे तब्येत बघून सांगता येत नाही. पैलवान सापडतो आणि त्याच्या शेजारचा विडी ओढणारा सुटतो. हवेच्या जागी पाणी साचतं. माणूस कोरड्याठाक डोंगरावर आतून बुडतो. खोकला सुरू होऊन दम लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी असं लक्षात आलं की पाणी झिरपायच्या दीडेक दिवस आधी त्या भिंतींमधल्या पेशी तक्रार करू लागतात. काही ठरावीक रेणू श्वासातून बाहेर पडतात, अब्जात तीन-चार इतकेच. ते ओळखायला श्वासपारख नावाचं यंत्र निघालं. आकार पोळ्यांच्या डब्याएवढा. आत डोळ्यांना न दिसणारे हजारो केस सतत थरथरत असतात आणि प्रत्येकावर वेगळ्या रसायनाचा लेप असतो. ज्याच्या नावाचा रेणू त्याला येऊन चिकटला की तो केस जड होतो आणि त्याची थरथर मंदावते. कुठले केस मंदावले यावरून यंत्र निकाल देतं. शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर. मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवतो. आमच्या परीक्षांचे निकाल इतके बरोबर नसतात.

यंत्र आलं आणि या खोऱ्यात डोंगरावर बुडून मरणं बंद झालं. इथवर सगळं उत्तम. मग विमा कंपन्यांच्या आणि नोकऱ्या देणाऱ्यांच्या लक्षात आलं की त्याच श्वासात माणसाच्या हृदयाचं, यकृताचं आणि पुढच्या वीस वर्षांचं बरंच काही वाचता येतं. प्रकरण न्यायालयात गेलं. श्वास ही माणसाची खाजगी मालमत्ता आहे, हटसारख्या सार्वजनिक जागी एकट्या माणसाचा निकाल काढायचा नाही, असं ठरलं. पण दुसरा कायदा असा, की धोका कळत असताना न सांगणं हा गुन्हा. मग समिती बसली. समितीनं तोडगा काढला, की निकाल माणसाचा नाही, दोराचा लावायचा. एका दोराला बांधून चढणाऱ्यांनी आपापल्या पिशवीत श्वास भरायचा, यंत्र आधी पिशव्यांतली हवा एकत्र करणार आणि मग तपासणार. म्हणजे कोण, हे यंत्रालाही कळत नाही. दिवा हिरवा असेल तर दोघं जा. लाल असेल तर दोघांपैकी एकाच्या, किंवा दोघांच्याही, छातीत पाण्याची तयारी चालू आहे. माणसं बदलून पुन्हा तपासणी करता येत नाही, नाहीतर वजाबाकी करून कुणीही शोधून काढेल. हे समितीच्या दुसऱ्या बैठकीत लक्षात आलं. दोन्ही कायद्यांचं समाधान झालं. दोरावरच्या माणसांचं कसं करायचं, हे कार्यकक्षेत नव्हतं.

लाल दोरानं खाली उतरायचं. एक पळवाट होती. दोघांपैकी एकानं नमुना सातवर सही करायची : 'या दोराच्या निकालाला मी कारणीभूत आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मी स्वेच्छेनं उतरत आहे.' मग राहिलेला माणूस हिरव्या दोराला तिसरा म्हणून बांधून घेऊ शकतो. सही संध्याकाळी सहाच्या आत.

म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि त्यांची चूक नव्हती. ग्याफुरवर ही आमची तिसरी खेप. पहिल्या खेपेला माझा गुडघा गेला. चार वर्षांपूर्वी शिखर एकशेऐंशी मीटरवर असताना मी बर्फात ओणवा होऊन आदल्या दिवशीची खिचडी परत केली. दोन्ही वेळा ऋतुजा माझ्यासोबत वळली. आम्ही लग्नाआधीपासून एका दोरावर आहोत. डोंगरावर ती मला धैर्या म्हणते, घरी आईसमोर अहो. त्या दोन्ही परतींच्या प्रवासात तिनं मला काहीच म्हटलं नाही. छत्तीस-छत्तीस तास. भांडली असती तर मी फार आभारी राहिलो असतो.

चौथी खेप होणार नव्हती. ग्याफुरचा दक्षिणेचा बर्फाचा उतार दरवर्षी आक्रसत चाललाय, खालचे सुटे दगड उघडे पडलेत. या हंगामानंतर शिखर बंद.

"तातडीची बैठक घेऊ," शिंत्रे सर म्हणाले.

आमच्या मंडळात काहीही ठरवायचं म्हणजे बैठक लागते. १९९७ साली एकदा कड्यावर अडकलेल्या तिघांनी दोर कापायचा की नाही यावर बैठक घेतली होती. इतिवृत्त कार्यालयात लावलेलं आहे. चार सभासद हजर, गणसंख्या पूर्ण. सरांनी वही उघडली.

"बोटावरचं यंत्र काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

निनादरावांनी दोघांच्या बोटांना चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघितला. ऋतुजाचा चौऱ्याऐंशी, माझा एक्याऐंशी. या उंचीवर दोन्ही ठीक. पण एक्याऐंशी हा आकडा चौऱ्याऐंशीपेक्षा लहान आहे हे तिथं सगळ्यांना येत होतं.

"बाबा, त्यावरून काही कळत नाही," निनादराव म्हणाले. "यंत्राला दीड दिवस आधी कळतं, ते चिमट्याला कसं—"

"मी कुठं म्हणतोय कळतं? नोंद करतोय," सर म्हणाले, आणि नोंद करून झाल्यावर एकदम थांबले. "एक मिनिट. पिशव्या कुठं ठेवल्या होत्या तुम्ही?"

"स्वेटरच्या आत," मी म्हणालो. "गार पडायला नकोत म्हणून."

"आणि कापूर?"

कापूर आमच्या सगळ्यांच्या गळ्यात होता. भीमसेनी कापराची पुरचुंडी हुंगली की उंचीवर दम लागत नाही, असं आमच्याकडं घराघरात ठाऊक आहे. विज्ञानाला अजून ठाऊक झालेलं नाही, पण विज्ञान तसंही उशिरा येतं. सरांनी स्वतः कराडहून पाव किलो आणून आम्हाला वाटला होता. माझ्या आणि ऋतुजाच्या श्वासाच्या पिशव्या तासभर त्या पुरचुंडीला चिकटून होत्या.

"झालं की मग!" सर खुलले. "कापरानं यंत्र नासलं. दोघंही ठणठणीत आहात."

"पण तुमच्याही गळ्यात आहे," ऋतुजा म्हणाली. "तुमचा हिरवा लागला."

"आम्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या होत्या. निनादरावांना गुदगुल्या होतात."

निनादराव चहाकडे बघू लागले.

ही तिसरी शक्यता निघाली आणि खोलीतली हवा बदलली. म्हणजे दोष तिच्या छातीत असेल, माझ्या असेल, किंवा कुणाच्याच नसेल. तीनपैकी दोन शक्यतांत ऋतुजा वर जाऊ शकत होती. मी अभियांत्रिकीचा माणूस; शक्यता अशा मोजत नाहीत हे मला कळत होतं. पण मी तशाच मोजल्या.

ठराव असा लिहिला गेला : 'निकाल कापरामुळे सदोष असण्याची दाट शक्यता लक्षात घेता, तथापि सुरक्षिततेस प्राधान्य देता, सभासद श्री. धैर्यशील थोरवडे यांनी स्वेच्छेने उतरावे असे सुचवण्यात येते.' सूचक शिंत्रे. अनुमोदक म्हणून सरांनी जावयाकडं पाहिलं. जावई सासऱ्याला नाही म्हणू शकत नव्हता.

"स्वेच्छेनं आहे ना दादा?" निनादरावांनी मला हळूच विचारलं.

"सूचनेनुसार स्वेच्छेनं," मी म्हणालो.

यानंतर निनादरावांनी मन रमवायला मुगाच्या आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली. खिडक्या बंद. हटमधले सगळे, छिमे दीदीसकट, पाच मिनिटं खोकत होते.

छिमे दीदी हट सांभाळतात. खालच्या गावच्या आहेत, पन्नाशीच्या. वीस वर्षं महाराष्ट्रातली मंडळं येऊन येऊन त्यांना मराठी समजतं; बोलताना मात्र 'चला, आवरा' एवढंच बोलतात. बाकी हिंदी.

पाच वाजून गेल्यावर मी बूट वाळवायच्या खोलीकडे गेलो. ऋतुजा आत एकटी होती. फोडणी होऊन तास उलटला होता. मी दाराबाहेर असताना आतून खोकल्याचा आवाज आला. दोनदा. बारीक, कोरडा, हातरुमालात धरल्यासारखा.

मी थोडा वेळ दाराबाहेरच उभा राहिलो. मग बूट वाजवत आत गेलो.

"खोकलीस?"

"फोडणी."

"तासभर झाला त्याला."

ती बुटाला लावायच्या काट्यांचे पट्टे तपासत होती. वर न बघता म्हणाली, "मग? काय म्हणायचंय तुला?"

हा सरळ प्रश्न होता. सव्वीस वर्षं दोर धरल्यावर त्याचं सरळ उत्तर मला देता यायला हवं होतं. दिव्याच्या आधीच्या काळात दोरावरचा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. ओठांचा रंग, पावलांतलं अंतर, थट्टेला हसतोय की नाही. आता तोंडाकडे बघायचं काम यंत्राकडे गेलं होतं आणि यंत्राला कुणाचं तोंड ते सांगायला बंदी होती.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी भरपूर पी."

"धैर्या." तिनं पट्टे खाली ठेवले. "मी तुला कधी काही मागितलं नाही डोंगरावर."

"माहितीये."

"गुडघ्याच्या वेळी नाही. ओकलास तेव्हा नाही. वळ म्हटलास, वळले. आज मागते. सही कर."

"आणि तुझ्यातच काही असेल तर?"

"तर चढताना कळेलच की मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? वाटलं तर वळेन."

"तू वळशील?"

"तुझ्यासाठी दोनदा वळले. स्वतःसाठी नाही वळणार?"

खरं सांगायचं तर मी उत्तर फार शोधलं नाही. तिला अडवून उद्या खाली नेलं असतं, दोघंही खाली ठणठणीत राहिलो असतो. उंची सोडली की त्या झिरपण्याचा मागमूस राहत नाही. मी तुझा जीव वाचवला, हे मला कधीही सिद्ध करता आलं नसतं. तिसऱ्यांदा शिखर घालवलं, हे मात्र आपोआप सिद्ध झालं असतं.

पावणेसहाला मी छिमे दीदींच्या टेबलाशी गेलो.

"पढ़के साइन करो सर," त्या म्हणाल्या. "सब बिना पढ़े करते हैं."

मी वाचलं. प्रामाणिकपणे वाटतं, तिथं दोनदा वाचलं. मग सही केली.

दीदींनी कागदावरून बोट फिरवलं. "पति लोग बहुत साइन करते हैं," त्या म्हणाल्या. "पत्नी लोग भी. पहले मशीन नहीं थी तो लोग बीमारी छुपाते थे. अब तंदुरुस्ती छुपाते हैं."

पहाटे तीनला ते तिघं निघाले. सर पुढे, मध्ये ऋतुजा, मागे निनादराव. मी तिच्या कमरेची गाठ ओढून पाहिली. ती म्हणाली, "सावकाश उतर." मी म्हणालो, "तू सावकाश चढ." आजारी कोण आणि निरोगी कोण, हे आमच्या बोलण्यावरून कुणाला सांगता आलं नसतं.

मी सहाला उतरायला लागलो. सही केलेल्या माणसाला एकट्यानं उतरू देत नाहीत. माझ्या सोबत हटचे रिगझिनभाई होते, साठीचे, हातात तक्ता. दर पंधरा मिनिटांनी ते थांबून विचारत आणि खूण करत.

"सिरदर्द?"

"नहीं."

"चक्कर?"

"नहीं."

"खाँसी?"

"नहीं."

"बहुत बढ़िया."

पहिला तास ठीक गेला. दुसऱ्या तासात मला भूक लागली. उंचीच्या आजारात भूक मरते हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मला पोहे हवेसे वाटत होते, वर शेव. मी नाडी मोजली. बहात्तर. वाटेतल्या ओढ्यावरून मी उडी मारली आणि पलीकडे पोहोचल्यावर स्वतःवरच चिडलो.

आयुष्यात पहिल्यांदा मी डोकेदुखीची वाट पाहत चाललो होतो. कपाळावर बोटं दाबून पाहिली. मुद्दाम खोल श्वास घेऊन घशात खरखर येते का पाहिलं. खोकूनही पाहिलं, रिगझिनभाईंनी आशेनं तक्ता वर केला. पण तो खोकला इतका खोटा होता की त्यांनी तो नोंदवला नाही. माझी तब्येत पावलागणिक सुधारत होती आणि प्रत्येक सुधारणेसरशी वर, त्या पांढऱ्या उतारावर, कुणाच्या तरी छातीत थेंब-थेंब वाढत होतं. निरोगीपणा हा एवढा भयंकर प्रकार असेल असं मला वाटलं नव्हतं.

कापूर, मी स्वतःला सांगत होतो. कापूरच असणार.

आणि मग ते दोन खोकले आठवायचे. माझ्या सहीत तिच्यावरचं प्रेम किती होतं आणि पुन्हा दोषी न ठरण्याची घाई किती होती, याची मी उतारभर विभागणी करत होतो. दर वळणावर दुसरा वाटा वाढत होता.

जुंगडाला, सदतीसशे मीटरवर, साडेनऊला पोहोचलो. तिथं सरकारी दवाखाना आहे आणि दवाखान्यात तेच यंत्र आहे. तेच म्हणजे अगदी तेच. पण दवाखान्यात डॉक्टर-रुग्ण नातं लागू होत असल्यामुळे तिथं एकट्या माणसाचा श्वास तपासता येतो. ते रेणू उतरल्यानंतरही दिवसभर श्वासात टिकतात. डॉक्टर नेगी, तिशीच्या, हसऱ्या. मी पिशवीत फुंकलं. सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत मी देवाकडे जे मागत होतो ते आईला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

दिवा हिरवा लागला.

"एकदम क्लीन!" डॉक्टर म्हणाल्या. "बधाई हो."

"मॅडम, कापूर," मी म्हणालो. "हमारे बैग कपूर के साथ थे. उससे लाल हो सकता है ना?"

त्या समजुतीनं हसल्या. "नहीं सर. मशीन कपूर को पहचानके साइड में रखती है. महाराष्ट्र से बहुत ग्रुप आते हैं. बनानेवालों ने पहले साल में ही डाल दिया."

म्हणजे उरलं यंत्र चुकण्याचं शंभरातलं तीन. मी त्या तीनवर हात ठेवून उभा होतो.

"रेडिओ कुठाय?" मी मराठीतच ओरडलो. त्यांना कळलं.

हटवर छिमे दीदी आल्या. मी सांगितलं, माझं सातनंबरचं निवेदन खोटं आहे, मी निरोगी आहे, तो दोर परत बोलवा.

"सर, खोटा फॉर्म का मतलब मालूम है? पाँच साल बंदी. आपके मंडल को भी."

"मालूम है."

"बोलने के बाद वापस नहीं होता."

"बोल दिया, दीदी."

त्यांनी वरचा रेडिओ जोडला. आधी शिंत्रे सर आले. वारा मोठा होता, पण सर वर्गात बोलावं तसं बोलत होते. "धैर्यशील, अरे ऐंशी मीटर राहिलंय. ऋतुजा उत्तम चाललीये, जरा थांबत-थांबत, पण उत्तम. आणि निवेदन मागं घेतलंस तर मंडळाची नोंदणी निलंबित होते, अठ्ठेचाळीस वर्षांची नोंदणी आहे, याला बैठक घ्यावी लागेल, तू एकटा असा परस्पर—"

"सर, तिला द्या."

खूप वेळानं ती आली.

"काय."

"माझा हिरवा लागला. कापराचा काही संबंध नाही. ऋतुजा, तू आहेस."

"मला काही... होत नाहीये." मधल्या जागेत मी तिचा श्वास ऐकला. "ऐंशी मीटर. धैर्या. दिसतंय मला."

"तीन शब्दांनंतर थांबतेयस तू."

"सहा हजारांवर... सगळे थांबतात."

"शिंत्रे सर आत्ता माझ्याशी एका दमात बोलले. नोंदणीपासून बैठकीपर्यंत."

डॉक्टर नेगी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण त्या श्वास ऐकत होत्या, आणि त्यांचं हसू गेलं होतं.

"काल खाली... नेलं असतंस," ऋतुजा म्हणाली, "तर मी... रागावले असते. एवढंच."

"हो."

"आज बोलावतोयस."

"हो."

मग बटण सुटल्याचा आवाज. मी वाट पाहिली. मी कधीच इतकी कशाची वाट पाहिलेली नाही. चार मिनिटांनी सर आले, आणि यावेळी हळू बोलले.

"वळली रे ती."

मी लगेच वर निघालो. रिगझिनभाई तक्ता न घेता माझ्यामागे आले. पोहोचायला पाच तास लागतात. मला साडेचार लागले. ठणठणीत होतो ना. हटवर छिमे दीदींनी प्राणवायूचं नळकांडं आणि मुखवटा तयार ठेवला होता. "चला, आवरा," एवढंच म्हणाल्या.

साडेतीनच्या सुमाराला हटच्या वरच्या दगडांच्या पट्ट्यात ती मला दिसली. एका सपाट दगडावर बसली होती, निनादरावांच्या खांद्याला टेकून. खाली येताना दोन तासांपासून खोकला लागला होता. ओठ जांभळासारखे काळे. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. सर शेजारी उभे होते. त्यांच्याकडे वही होती, पण ती बंद होती.

मी मुखवटा लावला, पट्टा घट्ट केला, चावी फिरवली. पहिली दहा मिनिटं तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग हळूहळू ओठांचा रंग परत येऊ लागला. मी तो बघत बसलो. याच कामासाठी पूर्वी लोक एका दोरावर बांधून घ्यायचे.

ढग आले होते. मागे ग्याफुर नाहीसा झाला होता.

तिनं मुखवटा बोटानं जरासा बाजूला केला.

"सही करताना तुला माहीत होतं, मीच आहे ते?"

निनादराव दुसरीकडे बघायला लागले. खोटं बोलायला जागा होती. मीसुद्धा शिंत्रे सरांचा कापूर पुढे करू शकलो असतो.

"शंका होती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मुखवट्यातून दोन-तीन श्वास घेतले, जपून, एकेक मोजून. आता ती ओरडेल, निदान रडेल, असं मला वाटलं. मी त्याला तयार होतो. तिनं पुन्हा मुखवटा बाजूला केला.

"मला खात्री होती," ती म्हणाली.

आणि तो परत लावून घेतला. हटवर पोहोचायला अजून तास होता, तिथून जुंगडाला चार. मी तिला उठवलं आणि आम्ही उतरायला लागलो.